फोटोत न आलेलं जहाज

हिंगोली
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दीक्षा,

सप्रेम जय भीम.

हे पत्र मी सकाळपासून चौथ्यांदा लिहायला घेतलंय. पहिल्या तीन वेळा 'जय भीम'च्या पुढे गाडी सरकलीच नाही. मधेच उठून दवाखान्यात गेलो, आज रविवार आहे हे शटरला हात लावल्यावर आठवलं. मग स्टेशनपर्यंत चालत गेलो. कुठली गाडी यायची नव्हती, तरी फलाटावर दोन फेऱ्या मारल्या आणि परत आलो. तुझ्या आईने कपाळाला हात लावला. म्हणाली, "सकाळपासून आत-बाहेर फिरून राहिले, पायाला चाकं लागली का तुमाला? एका जागी बसा की जरा." म्हणून बसलोय. ती समोर मेथी निवडतेय. काय लिहितो ते विचारत नाही, पण मान इतकी लांब करून बघतेय की संध्याकाळी तेल चोळायची पाळी येणार. तिला वाटतंय मी आनंदाने सैरभैर झालोय. तसं तिने शेजारच्या जिवनबाईंना सांगूनही टाकलंय.

बातमी मला तिच्याकडूनच कळली, तुझ्या माझ्यातली प्रत्येक गोष्ट गेली तीन वर्षं तिच्याकडूनच कळते तशी. डिसेंबरात जहाज पारादीप बंदराला लागलं की तू उतरणार, पुन्हा चढणार नाहीस, आणि अर्धवट टाकलेलं विमानाचं शिक्षण जानेवारीपासून पुरं करणार. समुद्रावर अठरा महिने भरल्याशिवाय तुम्हाला अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसू देत नाहीत, त्यातले तुझे बारा भरत आले, एवढं आता मलाही पाठ आहे. हे बारा महिने पाण्यात सोडून तू येणार. खोटं कशाला बोलू, ऐकल्यावर पहिले दोन दिवस मी हवेतच होतो. डॉक्टरांना पेढे दिले. दात काढायला आलेल्या एका बाईलाही दिला, डॉक्टर ओरडले. गल्लीतल्या अमृतरावांनी तर चौकातला मागचा बॅनर कुठे ठेवला याची चौकशी सुरू केली. तोच, तुझी निवड झाली तेव्हाचा, ज्यावर तुझ्या फोटोमागे कुणीतरी प्रवासी विमानाऐवजी लढाऊ विमान छापलं होतं आणि मी जाऊन भांडलो होतो. तिसऱ्या दिवशी मी माझ्या कामाच्या खोलीत जाऊन बसलो, तेव्हापासून मात्र कशातच जीव लागत नाही. काल एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खालच्या जागी बसवले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या खोलीत काय आहे ते तुला माहीत नाही. तू जूनमध्ये सुट्टीवर आलीस तेव्हा मी ते जुन्या चादरीखाली लपवलं होतं. आईलाही शपथ घातली होती. दीक्षा, मी विमानं करायची सोडली. गेलं सव्वा वर्ष मी एक जहाज करतोय. तुझं जहाज.

हे वाचून तू हसशील किंवा चिडशील. दोन्ही बरोबर आहे. विमानांचं तुला काय सांगायचं, तुझं अर्धं बालपण त्यांच्याखाली गेलं. हैदराबादला दातांचं काम शिकत होतो तेव्हा मालकांच्या मुलाने एक प्लास्टिकचं विमान अर्धं जोडून कंटाळून फेकलं, ते मी उचलून पुरं केलं, तिथून खूळ लागलं. मग कुणीही हैदराबादला निघालं की त्याच्या हातात विमानाच्या सुट्या भागांचा डबा आणायची चिठ्ठी. एकतीस विमानं झाली. डॉक्टरांनी ती खुर्चीच्या वर छताला टांगायला परवानगी दिली, आणि लोक तोंडं उघडी टाकून, दाढ सुन्न होईपर्यंत ती बघत पडू लागले. तू शाळेतून थेट तिथे यायचीस. नेलकटरने चौकटीतले भाग तोडायचं काम तुझं, चिकटवायचं माझं, आणि बशीतल्या पाण्यात भिजवून चिन्हं चिकटवायची वेळ आली की आपण दोघंही श्वास रोखून बसायचो. पेशंटला तू विमानांची नावं सांगायचीस. पुसेगावचे उकंडराव पहिली कवळी बसवायला आले तेव्हा त्यांनी तुला विचारलं, "पोरी, तूबी उडवणार का?" आणि तू उत्तर द्यायच्या आत मी म्हणालो, "उडवणारच." त्या दिवसापासून सगळा दवाखाना तुला पायलट म्हणू लागला. तुला कुणी विचारलंच नाही, आणि विचारायला हवं होतं हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

तू जहाजाचं शिकायला गेल्यावर मी एक नवा डबा उघडला होता. सगळे भाग तोडून ठेवले आणि तसाच बंद केला. हातच चालेना. मग तू जहाजावर चढलीस आणि पहिला फोटो आईच्या फोनवर आला. लांबलचक, काळपट, चार क्रेन उभ्या, मागे एक पांढरी इमारत. मी तिला म्हणालो, हा तर पत्र्याचा तरंगता डबा आहे, यात करण्यासारखं काय आहे, चार दिवसांत करून दाखवतो. खरंच रागानेच सुरू केलं, बाळा. तुझं जहाज किती साधं आहे हे मला सिद्ध करायचं होतं. ते सिद्ध झालं नाही. विमानाच्या डब्यात सगळं तयार येतं. प्रत्येक तुकड्याला नंबर, डब्यावर चित्र, आपण फक्त सांगितल्यासारखं वागायचं. तुझ्या जहाजाचा डबा कुठे मिळणार? प्रत्येक माप मलाच काढायचं होतं. तुला आठवत असेल, आई फोनवर मधेच विचारायची, जेवलीस का, बरी आहेस का, आणि तुझ्या जहाजाला झाकणं किती? तू म्हणालीस पाच, मालाच्या प्रत्येक कप्प्याला एक. मग दुसऱ्या आठवड्यात, सर्दी गेली का आणि जहाजाची रुंदी किती? तू एकदा हसून विचारलंस, आई, तुला जहाज विकत घ्यायचंय का. मी शेजारी पेन्सिल घेऊन बसलेलो होतो. एकशे नव्वद मीटर लांब, बत्तीस मीटर रुंद. दोनशे पटींनी लहान केलं तर पंचाण्णव सेंटिमीटर बाय सोळा. आईने तुझा आवाज मला ऐकू यावा म्हणून फोन मुद्दाम मोठ्याने लावला होता, आणि मी मुद्दाम आकडेच तेवढे ऐकतोय असं दाखवत होतो.

नरसिंग सुताराने सागवानाच्या पातळ पट्ट्या काढून दिल्या, त्यांचं अंग केलं. मागची इमारत मात्र मी माझ्या सवयीने केली. दातांच्या रंगाची पावडर भिजवून, साच्यात घालून, गरम पाण्यात शिजवून. भरीव. कवळी भरीवच असते, मला दुसरं काय येतं? क्रेन वाकडे दात ओळीत आणायच्या तारेच्या. नांगराची साखळी जवळा बाजारच्या आठवडी बाजारातल्या खोट्या दागिन्यांतली, आईने घासाघीस करून आणलेली. यंदाच्या फेब्रुवारीत ते पुरं झालं तेव्हा इतकं देखणं दिसत होतं की मी एकटाच खोलीत टाळी वाजवली. आता तरंगवायला हवं. आपल्याकडे एवढं पाणी कुठे एका जागी? उकंडरावांच्या शेतात मोठा हौद आहे, तिकडे निघालो. जीपमध्ये मांडीवर चादरीत गुंडाळलेलं ते लांबडं सामान घेऊन बसलो. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "देवघर हाय का?" म्हणालो, जहाज. ती जरा सरकून बसली आणि सेनगावच्या फाट्यापर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

हौदात सोडल्याबरोबर काय झालं असेल सांग. मागची इमारत खाली गेली, नाक वर आलं. अगदी विमान धावपट्टी सोडतं तसं. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. मग ते मागच्या मागे बुडालं. उकंडरावांनी मी केलेली कवळी काढून हातात घेतली, कारण हसताना ती पडते, आणि पोट धरून हसले. मग गडी हौदात उतरवून जहाज बाहेर काढलं, उन्हात ठेवलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "रत्नपाल, वरचं समदं बराबर केलं तुमी. खालचं काहून न्हाई केलं? हे तर दाराची फळी हाय." मी म्हणालो, फोटोत आहे तेवढंच केलंय, मापून केलंय. ते म्हणाले, "फोटो तं पाण्याच्या वरचा हाय ना. हीर काय वरच्या कठड्यापुरतीच असती व्हय?"

पोरी, मला खरंच माहीत नव्हतं. हिंगोलीचा माणूस, एकतीस विमानं केलेला. विमान आभाळात असू दे की जमिनीवर, सगळं दिसतं. पोटसुद्धा दिसतं. जे दिसत नाही ते नाही, हा हिशेब माझ्या हाडात बसलेला. तू पाठवलेले सगळे फोटो भरलेल्या जहाजाचे होते. मार्चमध्ये तू रिकाम्या जहाजाचा पाठवलास, खाली लालभडक अंग उघडं पडलेला, आणि मी फोन हातात घेऊन उभाच राहिलो. दोनशे पटींच्या मापात पाण्यावर अडीच सेंटिमीटर आणि पाण्याखाली जवळजवळ साडेसहा! मी जे केलं होतं ते जहाजाचा पाव भाग होता. आणि असं जहाज करून मी वर तुझ्या जहाजाला डबा म्हणत होतो. त्या दिवशी आई म्हणाली, जेवायला या. मी ताट तसंच ठेवून उठलो. नुसतं जहाज चुकलं म्हणून माणसाचं एवढं होत नाही, हे तिलाही कळलं असणार.

सगळं मोडून नव्याने केलं. फासळ्या उभ्या केल्या, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पट्ट्या लावल्या, इमारत पोकळ केली. तळात भार हवा म्हणून एक्स-रेच्या पाकिटांतले शिशाचे पत्रे गोळा करत होतो, ते कमी पडले, मग कयाधू नदीची रेती चाळून भरली. ऑक्टोबरात पुन्हा पुसेगाव. या वेळी ते पाण्यात बसलं. हौदात उतरलेल्या म्हशीने लाट उठवली तरी नुसतं डुललं. उकंडराव हसले नाहीत. म्हणाले, "लेकीला सांगितलं का?" मी म्हणालो, आमचं बोलणं नाही. त्यांनी मला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही.

आता ज्याच्यासाठी चार कागद घेतले तिथे येतो. तुझी आई आत्ता उठून आत गेलीय, बरं झालं. दीक्षा, माझा धंदा तोंडांत बघायचा आहे. माणूस काय सांगतो त्यापेक्षा त्याच्या दाढा जास्त सांगतात. विमानाच्या शाळेतून तू पहिल्या दिवाळीला घरी आलीस, जेवताना जांभई दिलीस आणि मला तुझ्या दाढा दिसल्या. टोकं घासून सपाट झालेली, अठरा वर्षांच्या पोरीच्या, पन्नाशीतल्या माणसासारखी. झोपेत दात खाणाऱ्याच्या तशा होतात, आणि झोपेत दात खातो तो धास्तावलेला माणूस. मला ते त्याच ताटावर कळलं. मी काय केलं? तुला बसवलं, साचा घेतला आणि दातांवर रात्री चढवायची पारदर्शक पट्टी करून दिली. फार सुबक झाली होती. अभ्यासाचा ताण असेल, असं तुला म्हणालो. का, कसला, हे विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

यंदा जूनमध्ये तू आलीस, तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हतो पण तुझ्यावर नजर ठेवून होतो. तू आईशी काहीतरी बोलून खळखळून हसलीस, दारातून मला दाढा दिसल्या. त्या दिवाळीनंतर आणखी घासल्या गेलेल्या नव्हत्या. ती पट्टी मोरीच्या आरशामागे डबीत पडलेली होती, सुकून तडकलेली. तू ती जहाजावर नेलीच नव्हतीस. दुसऱ्या दिवशी आई सहज बोलून गेली, "पोरगी आता झोपेत दात न्हाई खात. पहिले तं किती कडाकडा वाजायचे." हे सगळं कळूनसुद्धा मी तुझ्याशी बोललो नाही. सुट्टी संपली, तू स्टेशनवर माझ्या पाया पडलीस, आणि मी गाडीचा नंबर वाचत उभा राहिलो. माझी मला लाज वाटते.

तरी सगळ्यात वाईट अजून सांगायचं राहिलंय, आणि त्याच्यासाठीच हे पत्र आहे. चाळीस तास उडून तू शाळा सोडून घरी आलीस, दारातच म्हणालीस, बाबा, मला वर गेलं की भीती वाटते, आणि मी म्हणालो, "एवढंच होतं तर आधी सांगायचं होतंस." एवढं बोलून मी गप्प झालो तो झालोच. तू तेव्हापासून धरून चाललीयेस की तू लपवलंस, तू फसवलंस. दीक्षा, तू आधी सांगितलं होतंस. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी तुला नांदेडहून विमानाने हैदराबादला नेलं. चाक जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत तू माझं मनगट सोडलं नाहीस, डोळे उघडले नाहीस, आणि उतरल्यावर भिंतीला टेकून म्हणालीस, बाबा, जाताना रेल्वेनं जाऊ या का? आपण रेल्वेने आलो. घरी मी सांगितलं, परतीची तिकिटं मिळाली नाहीत, पोरगी तर खिडकीपासून हलायला तयार नव्हती. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान डोलावलीस, माझी शान राहावी म्हणून. मला तेव्हापासून माहीत होतं. तीन वर्षं माहीत असून मी तुला वर ढकलत राहिलो, आणि तू उतरलीस तेव्हा सगळा दोष तुझ्या पदरात टाकला. आता तू आईला सांगितलंयस की बाबा बोलतील तर मी पुन्हा उडेन. नको. मला असं काही नकोय. तुझं काम मला आवडतं, त्या जहाजावर तू सुखाने झोपतेस, मला याहून जास्त काही नको. अमृतरावांना मी आजच सांगून येतो की बॅनर लावायचा नाही, आणि तुझी भीती मला माहीत असून खोटं कोण बोलत होतं तेही सांगतो. पारादीपला जहाज सोडायच्या कागदावर सही करायच्या आधी हे वाच, आणि उतरू नकोस. उरलेले सहा महिने पुरे कर, मग ये. आलीस की पाया वगैरे पडू नकोस. आधी माझ्याशी भांड. जेवढं साठलंय तेवढं सगळं भांड, शेजारपाजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी मधे उठून जाणार नाही.

तुझाच, चुकलेला आणि वाट बघणारा,
बाबा